नावे आणि जमा

सी. ए. ची परीक्षा म्हटली की आमच्या भागात दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. एक, 'हे आपल्या आवाक्यातले नव्हे.' दुसरा, 'पुण्याला क्लास लावल्याशिवाय जमायचे नाही.' निपाणीत मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला हे सल्ले इतक्या वेळा ऐकावे लागतात की शेवटी ते खरेच वाटू लागतात. मी फाउंडेशन पार करून आता इंटरमीजिएटच्या पहिल्या ग्रुपची तयारी करीत आहे. फार मोठा पल्ला गाठला असे नव्हे, पण याच वाटेने येऊ पाहणाऱ्या विद्यार्थी मित्रांना उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी परीक्षेचा हिशेब नीट समजून घ्यावा. फाउंडेशनला १०० गुणांचे चार पेपर असतात. प्रत्येकात ४० हवेत आणि एकूण ४०० पैकी २०० हवेत. म्हणजे चारही विषयांत काठावर राहणारा १६० वर थांबतो व नापास होतो. एखादा विषय आपला हक्काचा असायलाच हवा. गणित आणि अर्थशास्त्राचे पेपर वस्तुनिष्ठ असतात. तिथे प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, म्हणून अंदाजपंचे दाहोदरसे कामाचे नाही. इंटरला एका ग्रुपमध्ये तीन पेपर. ग्रुप राहिला तरी एखाद्या पेपरात ६० गुण मिळाले असतील, तर त्या पेपरातून पुढच्या तीन परीक्षांपर्यंत सूट मिळते. तेव्हा एका तरी विषयात साठीचे लक्ष्य ठेवावे.

आता भाषेचा प्रश्न. उत्तरे इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतात, मराठीत वा कन्नडमध्ये नाही. पी. यू. सी. ला 'डेबिट' आणि 'क्रेडिट' हे शब्द प्रथम कानावर पडले, तेव्हा नियम पाठ झाला, पण अर्थ लागेना. माझे वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी आहेत. रोजकीर्द आणि खतावणी लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. ते म्हणाले, "अरे, ज्यानं घेतलं त्याच्या नावे टाक, ज्यानं दिलं त्याचं जमा कर. यात इंग्रजी कुठं आलं?" त्या एका वाक्याने वाट मोकळी झाली.

तेव्हापासून माझी एक रीत ठरली आहे. कोणताही भाग वाचला की पुस्तक मिटून तो प्रथम वडिलांना मराठीत सांगायचा, मग चिकोडीकडच्या मित्राला कन्नडमध्ये आणि शेवटी कागदावर इंग्रजीत लिहायचा. कन्नडमध्ये 'साल' म्हणजे कर्ज आणि मराठीत वर्ष, यावरून आमची हसाहसीही होते. पण फायदा मोठा आहे. भाषा बदलली की पाठ केलेली वाक्ये साथ सोडतात, फक्त समजलेले तेवढे उरते. जिथे जीभ अडते, तिथे पुन्हा वाचायचे.

कायद्याच्या विषयाला मात्र नेमके इंग्रजी शब्दच लागतात. त्यासाठी रोज एक उत्तर घड्याळ लावून लिहावे आणि इन्स्टिट्यूटच्या नमुना उत्तराशी ताडून पाहावे. अभ्यासाची पुस्तके, उजळणीचे प्रश्न, सराव परीक्षा हे सारे इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे. क्लासची फी परवडत नसेल त्याने निदान यापासून सुरुवात करावी.

उदाहरणे आपल्या गावातली घ्यावीत. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. पण वखारीतला माल कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला गेला तर राज्य बदलते, म्हणून आयजीएसटी. बेळगावला गेला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी. कायदा मैल मोजत नाही, सीमा पाहतो. तसेच 'रिव्हर्स चार्ज'चे. शेतकऱ्याकडून तंबाखूची पाने घेतली तर कर शेतकऱ्याने नव्हे, घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने भरायचा. हे ज्याच्या डोळ्यांसमोर रोज घडते, त्याने ते घोकायचे कशाला? सीमाभागात राहिल्याचा एवढा तरी लाभ आपण घ्यावा!

वेळेचे म्हणाल तर पहाटेचे दोन तास आकडेमोडीला द्यावेत. बेळगावच्या बसमध्ये नवे काही वाचू नये. सकाळचे आठवून पाहावे, ते उभ्यानेही जमते.

या परीक्षेत माझ्यापुरती आणखी एक गोष्ट पणाला लागली आहे. धाकटी बहीण मराठी शाळेत सातवीत आहे. तिला इंग्रजी शाळेत घालावे असा मामांचा आग्रह आहे. "थोरल्याची ओढाताण बघताय ना?" असे ते आईला विचारतात. तिच्या शाळेचा निवाडा माझ्या गुणपत्रिकेवर होऊ नये, असे मी घरी स्पष्ट सांगितले आहे. इंग्रजी तिने जरूर शिकावे, चांगले शिकावे. पण समजण्याची भाषा तिच्या हातून काढून घेऊ नये. वडील यावर काही बोलले नाहीत. ग्रुप निघाला तर माझे म्हणणे ऐकले जाईल आणि राहिला तर मामांचे, हे मला कळते. म्हणून सध्या वाद बंद आणि पहाटेचा गजर चालू आहे.