हिमक्षेत्रावरची उंच गाडी

आइसलँडच्या आग्नेय भागातील वात्नायोकुल हे हिमक्षेत्र त्या देशाची सुमारे ८ टक्के भूमी व्यापून आहे. तेथवर पोहोचण्यासाठी स्थानिक कारागीर टोयोटा हायलक्ससारख्या पिकअप गाडीचे रूपच पालटतात. चाकांवरील पत्र्याच्या कमानी कापून रुंद करतात, गाडी उंचावतात आणि ३८ इंची टायर बसवतात. मोठ्या टायरांचा ताण इंजिनावर येऊ नये म्हणून डिफरन्शियलचे गिअरही बदलतात.

या उंचीचे मोल मोजावे लागते. गुरुत्वमध्य वर गेल्याने गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. बेअरिंग आणि स्टिअरिंगचे सांधे लवकर झिजतात. नदी ओलांडल्यावर अ‍ॅक्सलचे तेल तपासावे लागते. ते दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले असे समजावे.

मऊ हिमावर मात्र केवळ उंची कामी येत नाही. चालक टायरांतील हवा ३-४ पौंडांपर्यंत उतरवतो. टायर पसरतात, भार विभागला जातो आणि अवजड गाडी हिमात रुतत नाही.

हिमाच्छादित, गोठलेली जमीन वगळता रस्ता सोडून गाडी हाकणे तेथे कायद्याने निषिद्ध आहे. चाकाखाली चिरडलेले शेवाळ पूर्ववत होण्यास अनेक दशके लागतात. वनस्पतिकायाची विराधना टाळण्याच्या आणि ईर्यासमितीच्या संस्कारांत वाढलेल्या प्रवाशाला हा नियम परका वाटत नाही. कोठेही जाऊ शकणारी ती गाडी शेवाळाच्या कडेशी थांबते, हीच तिच्या चालकाची खरी परीक्षा होय.