भंगारातला मोर आणि पुरातली पातेली

हल्ली गावोगावच्या नगरपालिकांना एक छंद लागलाय. स्वच्छ सर्वेक्षण जवळ आलं की जुनी चाकं, साखळ्या, पत्रे जोडायचे, त्याचा मोर नाहीतर सिंह करायचा, रंग मारायचा आणि खाली पाटी लावायची, 'टाकाऊतून टिकाऊ'. पहिला आठवडा सेल्फी, पहिल्या पावसाळ्यात गंज. वेल्डरची मेहनत दिसते, नाही असं नाही. पण त्या मोरात सायकलची साखळी नुसती पिसापुरती उरते. ती कुणाची होती, कुठे फिरली, हे पुसूनच टाकलेलं असतं.

बिहारमधल्या खगौलच्या रेल्वे कर्मचाऱ्याच्या घरात वाढलेले सुबोध गुप्ता नेमकं उलटं करतात. त्यांचा माल म्हणजे आपल्या मांडणीवरची स्टीलची भांडी. पातेली, डबे, बादल्या. २००६ मध्ये त्यांनी त्यांची भली मोठी कवटी केली. नाव 'व्हेरी हंग्री गॉड', म्हणजे फार भुकेला देव. पुढच्या वर्षी ती व्हेनिसला कालव्याच्या काठी उभी होती. लांबून मृत्यू दिसतो, जवळ गेलं की स्वयंपाकघर. २००८ मध्ये त्याच भांड्यांचा अणुस्फोटाचा ढग केला, 'लाइन ऑफ कंट्रोल', सुमारे २६ टनांचा. तो पुढे दिल्लीत साकेतला लागला. पातेलं इथं पातेलंच राहतं, म्हणून तर पोटात कालवतं.

आमच्या कट्ट्यावर हे सांगितलं तर एकजण म्हणाला, "भांडी रचली की शिल्प होतं व्हय? मग भांडीवाल्याचं दुकान काय वाईट?" प्रश्न रास्त आहे. पण त्याच माणसाच्या दारात पाडव्याला काठीवर उपडा तांब्या असतो, त्याला साडी नेसवलेली असते आणि तो हात जोडतो. भादव्यात आपल्याकडे कितीतरी घरांत तांब्यावर मुखवटा बसवून गौर उभी करतात. तेव्हा कुणी म्हणत नाही, हा तर आमचा पाणी प्यायचा तांब्या. वस्तू तीच, अर्थ बदलतो, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. आणि आधुनिक शिल्पाचं म्हणाल तर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या औंधच्या संग्रहालयात हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' आहे. आपल्याच सातारा जिल्ह्यात!

आता मुद्द्यावर येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी उतरल्यावर मी पंचनाम्यांच्या बातम्या करत फिरत होतो. प्रत्येक दारासमोर ढीग होता. फुगलेल्या गाद्या, मिक्सर, शिलाई मशीन, चिखलानं गच्च डबे. जेसीबी येऊन उचलत होता. एक मावशी राखेनं एक पातेलं घासत बसल्या होत्या. चिखल गेला तसं त्यावरचं नाव दिसायला लागलं. लग्नातल्या भांड्यांवर आपण घालतो तसं, देणाऱ्याचं नाव, तारीख. नाव भलत्याच घरचं. "वाहून आलंय," म्हणाल्या, "कुणी मागायला आलं तर देईन." पंचनाम्याच्या कागदावर या सगळ्याला दोनच शब्द होते, घरगुती साहित्य.

२०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्यात दरडी कोसळल्या, तिथंही चिखलाखाली संसारच गेले.

आज या सगळ्याची आठवण काय, तर फुटांचे आकडे. दर पावसाळ्यात आपण विचारतो, किती फूट झालं? पुढच्या वेळी सुशोभीकरणाचा निधी आला की सांगलीत मोर नको. पूरग्रस्त घरांतली नाव घातलेली भांडी मागून घ्या, जाणत्या शिल्पकाराला बोलवा आणि कृष्णेच्या घाटाजवळ ५७ फुटांच्या पातळीला ती उभी करा. रंग मारू नका, पोचे काढू नका, नावं वाचता आली पाहिजेत. खर्च त्या सिंहापेक्षा फार होईल असं मला वाटत नाही. ठराव करायला एखादा नगरसेवक तयार असेल तर मसुदा मी लिहून देतो.

तोवर एक विनंती. कुणाच्या माळ्यावर पुरातलं असं परक्या नावाचं भांडं पडलं असेल, तर ते मोडीत घालू नका.