टाळूची प्लेट

सुतारकाका माझ्याकडे आले ते दाढेची तक्रार घेऊन. वरची डावी दाढ हलत होती म्हणून गावात काढून घेतली. दोन महिने झाले तरी जखम भरेना, आणि चूळ भरली की पाणी नाकातून यायला लागलं. खोदून विचारल्यावर कळलं, वर्षभर डावी नाकपुडी चोंदलेली होती. शेंबडात रक्ताची रेघ दिसायची. उष्णतेमुळे असेल म्हणून वाफारा आणि ॲलर्जीच्या गोळ्या चालू होत्या. दाढ किडलीच नव्हती. वरच्या दाढांच्या मुळांवरच गालातल्या सायनसचा तळ असतो. तो तळ गाठीने पोखरला होता.

सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्या. तिथे गाठीला वाढायला मोकळी जागा मिळते, म्हणूनच हा दुर्मीळ कॅन्सर उशिरा सापडतो. सर्दी बहुधा दोन्ही नाकपुड्यांना होते. एकच नाकपुडी आठवडेच्या आठवडे बंद असेल, त्याच बाजूने रक्त येत असेल, गाल बधिर वाटत असेल किंवा नीट बसणारी कवळी एकाएकी बसेनाशी झाली असेल, तर दुर्बिणीने नाक आतून तपासून घ्या. हे मी भेटेल त्याला सांगतो.

काकांचा धंदा ऐकून मला इंग्लंडमधलं हाय विकम आठवलं. खुर्च्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या गावाच्या परिसरात फर्निचर कामगारांना नाकाचा एका विशिष्ट जातीचा कॅन्सर फार होतो, हे एस्मे हॅडफिल्ड या कान-नाक-घसा तज्ज्ञ बाईंनी हेरलं. १९६८ साली त्यांनी आणि डोनल्ड अचेसन प्रभृतींनी ते आकड्यांनिशी मांडलं. आज लाकडाची धूळ कॅन्सरकारक म्हणून जगभर मान्य आहे. काकांची गाठ वेगळ्या जातीची, स्क्वॅमस होती. ती धुळीनेच झाली असं मी म्हणणार नाही. पण पॉलिशपेपर मारताना तोंडा-नाकावर साधं फडकंही न बांधणारी पोरं पाहिली की माझा जीव तुटतो.

“डॉक्टर, ऑपरेशन की शेक?” काकूंनी विचारलं. शेक म्हणजे किरणोपचार. या आजारात उत्तर दोन गोष्टींवर ठरतं: गाठीची जात कोणती आणि तिने कोणती भिंत ओलांडली आहे. म्हणून तुकड्याचा रिपोर्ट, सीटी स्कॅन आणि एमआरआय हातात आल्याशिवाय मी सुरीचं नाव काढत नाही. गाठ लिम्फोमा निघाली तर मोठी शस्त्रक्रिया लागतच नाही. किमो आणि शेकावर काम होतं. काही आक्रमक जातींत आधी किमो देऊन गाठ कितपत दबते ते बघतो आणि पुढचं त्यावरून ठरवतो. नाकाच्या आतल्या बाजूची गाठ दुर्बिणीतून, चेहऱ्यावर चीर न देता काढता येते. मेंदूखालच्या हाडाला ती भिडली असेल तर न्यूरोसर्जन शेजारी उभे असतात. सगळ्यांत अवघड बोलणं डोळ्याचं. खोबणीचं हाड गाठीने खाल्लं म्हणजे डोळा गेलाच असं नाही. हाडाच्या आतलं आवरण शाबूत असेल तर डोळा बहुतेक वेळा वाचवता येतो.

काकांना वरच्या जबड्याची डावी बाजू काढणं आणि नंतर सहा आठवडे शेक, आठवड्यातून पाच दिवस, असं ठरलं. मुलाने प्रोटॉन किरणांबद्दल वाचलं होतं. ते किरण ठरलेल्या खोलीवर थांबतात, त्यामुळे डोळ्याच्या नसेजवळ त्यांचा खरा उपयोग. खारघरला ती सोय झाली आहे. पण काकांची गाठ खालच्या अंगाला होती, त्यांना नेहमीचा अचूक शेक पुरेसा होता. प्रोटॉनच्या रांगेत आठवडे घालवणं मला पटलं नाही.

१८२७ साली फ्रान्समधल्या लियोंच्या झेन्सूल या सर्जनने असा जबडा भूल न देता काढला होता. आज शस्त्रक्रिया निभावते. खरा प्रश्न त्यानंतरचा. टाळूला भोक पडलं की घास नाकात जातो आणि आवाजही नाकात जातो. प चा म होतो, ब चाही म होतो. मांडीचं किंवा पायाचं मांस-हाड आणून ते भोक बुजवता येतं. काकांसाठी आम्ही भोक झाकणारी, काढता-घालता येणारी टाळूची प्लेट निवडली, कारण ती काढून आतली जागा डोळ्यांनी तपासता येते. तिचं माप ऑपरेशनच्या आधीच घ्यावं लागतं. अशी प्लेट बनवणाऱ्या दातांच्या डॉक्टरांना, प्रोस्थोडॉन्टिस्टना, नंतर बोलावणं ही माझ्या मते मोठी चूक आहे. काकांची पहिली प्लेट ऑपरेशन टेबलावरच बसवली होती.

शेकात तोंड सोलवटलं, चव गेली, जबडा आखडू लागला. आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरून, रोज एखादी वाढवत, त्यांनी तोंड उघडं ठेवलं. काही महिन्यांनी पक्की प्लेट बसवायची होती. मी म्हटलं, काका, आधी प्लेटशिवाय काहीतरी बोला, मग प्लेट घालून तेच बोला. त्यांनी हत्याराचं नाव घेतलं. प्लेटशिवाय ऐकू आलं, “मणाशी.” प्लेट घातली, जिभेने टाळू चाचपला आणि म्हणाले, “पटाशी.” काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

काकांनी मात्र प्लेट पुन्हा काढली, उजेडात धरली, खिशातल्या पेन्सिलीने कडेवर खूण केली आणि प्रोस्थोडॉन्टिस्टबाईंच्या हातात दिली. “इथे घासतंय बाई. अर्धा सूत उतरवा.”