शेरूमुळे कळसूबाई अर्ध्यावर राहिला
रविवारी आमच्या शेरूला घेऊन कळसूबाईला गेलो. चूक माझीच. बारी गावातून निघायलाच नऊ वाजले. एप्रिलचं ऊन, उभी चढण, सावली जवळपास नाहीच. लोखंडी शिडीपाशी शेरूने बसकण मारली. जीभ लोंबतेय, धाप काही थांबेना. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं, एवढं माहीत होतं. पण कातळावर हात टेकला आणि चटका बसला, तेव्हा त्याच्या पंजांचा विचार आला.

बाटली रिकामी. (बरंचसं पाणी मीच प्यायलो होतो, सांगायला लाज वाटते.) लिंबू सरबत विकणाऱ्या आजींनी हंड्यातलं पाणी त्याच्यापुढे ठेवलं. पैसे देऊ लागलो तर म्हणाल्या, "मुक्या जिवाचं काय पैसं घ्यायचं?" हा हंडा त्या रोज पायथ्यापासून डोक्यावर आणतात. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या अकोल्याच्या डोंगरात उन्हाळ्यात पाण्याची ही गत! आणि १६४६ मीटर उंचीचं शिखर सर करायला आलेले आपण शहाणे रिकाम्या बाटल्या वाटेवरच टाकतो.

शेरूला खांद्यावर घेऊन उतरलो. आता बरा आहे, पण पट्टा हातात घेतला की खाटेखाली शिरतो.