वाचायला किती वेळ?

हल्ली मोबाईलवर लेख उघडला की मजकुराच्या आधी ‘वाचनवेळ : ४ मिनिटे’ अशी पाटी दिसते. पूर्वी लेखकाचं नाव वाचून आपला किती वेळ जाणार (आणि किती वाया जाणार) हे आपलं आपणच ठरवत असू. आता हिशेब आयता मिळतो.

पण आम्ही पडलो बी. कॉम. दुसऱ्याने केलेल्या बेरजेचा ताळा घेतल्याशिवाय आम्हाला चैन नाही. रीत सोपी निघाली. शब्द मोजायचे आणि वेगाने भागायचं. मार्क ब्रिसबार्ट या बेल्जियमच्या मानसशास्त्रज्ञाने २०१९ साली १९० अभ्यासांची गोळाबेरीज करून हा वेग काढला. इंग्रजी माहितीपर मजकूर मनात वाचताना मिनिटाला सरासरी २३८ शब्द, कथा-कादंबरी २६०, मोठ्याने वाचलं तर १८३.

हे झालं इंग्रजीचं. ‘इन फ्रंट ऑफ द हाऊस’ हे तिकडे पाच शब्द. आपण ‘घरासमोर’ म्हणून एका शब्दात मोकळे! म्हणजे त्याच भागाकाराने मराठी माणसाने पाचपट लवकर घरासमोर पोचायला हवं. पोचतो का? असो.

आमच्या काउंटरवर तर ही रीत पार कोलमडते. कर्जाचा करारनामा बावीस पानी. पानाला साडेतीनशे शब्द धरा, झाले ७,७००. भागिले २३८, म्हणजे बत्तीस मिनिटं. प्रत्यक्षात गिऱ्हाईक दोन मिनिटांत मोकळं होतं. आम्ही सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारून ठेवतो ना! माणूस एका फुलीवरून दुसऱ्या फुलीवर उड्या मारत जातो, मधला मजकूर खाली राहतो.

मागे एक बाई भाच्याला जामीन राहायला आल्या. पासष्टीच्या असतील. त्यांनी मराठी प्रत मागितली, चष्मा पुसला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. मागे रांग वाढू लागली. भाचा घड्याळ बघत म्हणाला, ‘‘मावशी, नुसती फॉर्म्यालिटी गं!’’

बोट एका ओळीवर थांबलं. ‘‘साहेब, ह्याने हप्ते थकवले तर?’’

‘‘तर तुमच्याकडून वसूल करता येतात.’’

‘‘आधी ह्याच्याकडे मागाल ना?’’

‘‘तसं बंधन नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे कर्जदाराची जेवढी जबाबदारी, तेवढीच जामीनदाराची. करारात वेगळं लिहिलं नसेल तर.’’

‘‘आणि ह्यात वेगळं लिहिलंय?’’

‘‘नाही.’’

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मग आणखी एकदा. चौदा शब्दांची ओळ, साडेतीन सेकंदांचं काम. पण बाईंना चांगली दहा मिनिटं लागली. रांगेतलं कुणीतरी खाकरलं. भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘साहेब, साधारण किती वेळ लागेल हो ह्याला?’’

मी पाने मोजत होतो, एवढ्यात बाईंनी पेनाला टोपण लावलं. ‘‘राहिलेली नऊ पानं घरी वाचते,’’ त्या म्हणाल्या, ‘‘उद्या कितीला उघडता?’’