पिस्ता कुल्फी

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो म्हटलं, की लोक हमखास म्हणतात, ‘पण तुमचं मराठी छान आहे हो!’ अशा भल्या माणसाला आम्ही पिस्ता कुल्फी खाऊ घालतो. ती आमचा जीव की प्राण. व्हॅनिलाला आम्ही आइस्क्रीम मानतच नाही. कुल्फी वितळेपर्यंत आमचं व्याख्यान चालतं. पिस्ता मूळचा फारसी. तोच ग्रीक, लॅटिन, इटालियन असा हिंडत इंग्रजांकडे ‘पिस्टॅशिओ’ झाला. कुलपाला अरबीत ‘कुफ्ल’. बोलताबोलता अक्षरं उलटली, ‘कुल्फ’ झालं. झाकणबंद साच्यात गोठते ती कुल्फी, आणि मराठी दाराला लागतं ते कुलूप. दोघं सख्खी भावंडं! उसने घेतलेले हे शब्द परत कुणी मागितले नाहीत.

नववीतली एक मुलगी मराठीच्या निबंधात ‘शहर’, ‘हवा’, ‘जमीन’ खोडून ‘नगर’, ‘वायू’, ‘भूमी’ लिहायची. आम्ही कारण विचारलं. म्हणाली, ‘सर, पेपर तपासणारे म्हणतील, हिला मराठी येत नाही, उर्दूच लिहिते.’ आम्ही तिच्यापुढे मराठी शब्दकोश ठेवला. तिन्ही शब्द तिनेच शोधले. पुढच्या निबंधात शहर होतं, हवा होती, जमीनही होती. काहीच खोडलेलं नव्हतं.