घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

आमच्या चांदूर रेल्वेला रात्रीच्या आवाजांची सवय आहे. जिल्ह्यात चांदूर बाजार नावाचे दुसरे गाव असल्याने आमच्या गावाच्या नावातच रेल्वे येऊन बसली. मुंबई-हावडा मार्गावरून रात्री मालगाडी धडधडत गेली तरी मोहल्ल्यात कोणी कूस बदलत नाही. लेकराच्या घोरण्याचेही तसेच. उलट त्याचे कौतुक होते. ‘दिवसभर खेळलं पोट्टं, आता कसं गाढ झोपलं!’

रमजानमध्ये मात्र सहरीला सारे घर उठते आणि झोपलेली लेकरे नजरेस पडतात. आमची नात तेव्हा सात वर्षांची होती. सुनेने आम्हा दोघांना हाक मारली, ‘अम्मी, अब्बा, जरा इकडे या. हिचा श्वास अडकतो.’ आम्ही पाहिले. तोंड उघडे, मान मागे टाकलेली, घामाने केस ओले. घोरणे एकदम थांबले. छाती वरखाली होत होती, पण हवा आत जात नव्हती. मग एक मोठा हुंदका आणि पुन्हा घोरणे. सर्दीपडसे काही नव्हते.

पुढे डॉक्टरांकडून कळले की वेळही महत्त्वाची असते. मुलांचा श्वास बहुधा स्वप्नांच्या झोपेत अडतो आणि ती झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. दहा वाजता पांघरूण घालताना जे दिसत नाही, ते पहाटे दिसते.

शेजारच्या खाला म्हणाल्या, नजर लागली असेल. दुसऱ्या एकीने हळूच बजावले, ‘भाभी, मुलीचं घोरणं बाहेर सांगू नका. उद्या रिश्ते यायचे आहेत.’ सात वर्षांच्या पोरीच्या श्वासापेक्षा रिश्त्याची काळजी मोठी! त्याच सुमारास ती पुन्हा अंथरूण ओले करू लागली होती. शाळेतून तक्रार होती की लक्ष नाही, सारखी चुळबुळ करते. मोठ्या माणसाची झोप मोडली तर तो दिवसा पेंगतो. मूल पुष्कळदा पेंगत नाही, ते चिडते, धावते, विसरते. म्हणून त्याला खोडकर किंवा मठ्ठ ठरवले जाते.

ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही. कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर यांनी 1868 साली नाकामागे वाढणाऱ्या ॲडिनॉइड गाठींचे वर्णन केले. 1889 मध्ये विल्यम हिल या इंग्रज डॉक्टरांनी मुलांच्या मागासपणाच्या कारणांवर लेख लिहून बंद नाकाकडे बोट दाखवले. 1976 साली गिलेमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपेत श्वास थांबणाऱ्या आठ मुलांची नोंद प्रसिद्ध केली. म्हणजे शंभरावर वर्षांपूर्वीच कोणीतरी विचारले होते, पोर मठ्ठ आहे की त्याला श्वास पुरत नाही?

निदानाची सुरुवात साध्या प्रश्नांनी होते. आठवड्यातून किती रात्री घोरते? श्वास थांबतो का? तोंडाने श्वास घेते का? सकाळी डोके दुखते का? वजन-उंची वाढते का? आमच्या मुलाने मोबाइलवर झोपेचे चित्रण केले होते, तेच डॉक्टरांनी आधी पाहिले. टॉन्सिल तोंड उघडले की दिसतात, ॲडिनॉइड दिसत नाहीत. त्यासाठी मानेचा बाजूने एक्स-रे किंवा नाकातून दुर्बीण लागते. पण गाठ मोठी म्हणजे श्वास अडतोच असे नाही. नक्की निदान रात्रभराच्या झोपेच्या तपासणीने होते. मोठ्यांमध्ये तासाला पाचपर्यंत अडथळे चालतात, मुलांमध्ये एकाहून अधिक असला तरी लक्ष द्यावे लागते. ही सोय मोठ्या शहरांतच असते.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागते असेही नाही. 2013 मध्ये अमेरिकेत 5 ते 9 वर्षांच्या 464 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 79 टक्के मुलांची झोप सात महिन्यांनी तपासणीत सामान्य आढळली, नुसती वाट पाहिलेल्यांपैकी 46 टक्क्यांची. मुलांच्या वागण्यातली सुधारणा मात्र शस्त्रक्रियेनंतर जास्त होती. म्हणून निर्णय डॉक्टरांनी मूल पाहूनच घ्यायचा. घरात बिडीचा धूर नको, आणि जुमेरातचा लोबान लेकराच्या उशाशी नको, एवढे तर आपल्या हाती आहे.

नातीच्या टॉन्सिल आणि ॲडिनॉइड काढल्या. घरी आल्यावर काही दिवसांनी घोरणे बंद झाले, तेव्हा खोली इतकी शांत झाली की आम्हीच घाबरलो. सून रात्रीतून तीनदा उठून तिच्या नाकाशी बोट धरून पाहत होती. दोन-तीन महिन्यांत अंथरूण कोरडे राहू लागले आणि शाळेतली तक्रारही थांबली.

घोरणे हा ऐब नाही, मुलीचा तर नाहीच. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळा-अंगणवाडीत मुले तपासायला येते. पण ते दिवसा येते. रात्रीचे फक्त घरच्यांना माहीत असते. ते घरच्यांनीच सांगायला हवे.